भरून पावले

फ्लॅटचं असो की जमिनीचं, जुन्या वळणाच्या खरेदीखतात शेवटाकडे एक ओळ हमखास येते: रक्कम भरून पावलो, तक्रार नाही. तिच्याखाली सही झाली की विकणाऱ्याला त्या व्यवहारात पुढे काही मागता येत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हीच ओळ तीनदा वापरतो. दानाबद्दल दुसऱ्या वचनात, प्रार्थनेबद्दल पाचव्यात, उपासाबद्दल सोळाव्यात. "ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत." मराठी भाषांतरकारांनी शब्द नेमका पकडला आहे, कारण मूळ ग्रीक क्रियापद 'आपेखो' हेसुद्धा पावतीवरचंच आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर जुन्या पावत्या आहेत, त्यांवर तो शब्द दिसतो: पैसे पोचले, हिशेब मिटला.

म्हणून या अध्यायावर 'ढोंग करू नका' एवढंच बोलून थांबणारे उपदेश मला अपुरे वाटतात. येशू इथे रागावण्यापेक्षा हिशेब जास्त सांगतो. ज्याला लोकांची वाहवा हवी होती त्याला ती मिळाली, पूर्ण मिळाली, त्यात कुणी त्याला फसवलं नाही. फक्त दुसऱ्या खिडकीवर आता त्याचं काही येणं उरलेलं नाही. 'ढोंगी' हा आपला शब्दही जरा फसवा आहे. ग्रीकमध्ये तिथे 'हुपोक्रितेस' आहे, म्हणजे नाटकातला नट. नट खोटारडा नसतो. त्याला प्रेक्षक लागतात, एवढंच.

प्रेक्षक कुठे कुठे बसलेले असतात ते पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. जागा ठरलेल्या आहेत. आणि बहुतेक ठिकाणी मनाशी झुंजण्याआधी नुसती व्यवस्था बदलली तरी निम्मं काम होतं, असं माझं मत आहे.

सुरुवात पैशापासून, कारण तिथे सगळं मोजता येतं. यरुशलेमच्या मंदिरात दान टाकायला तेरा पेट्या होत्या असं मिश्ना, म्हणजे यहुदी नियमांचा जुना संग्रह, सांगते. आकार कर्ण्याचा, तोंड अरुंद, खाली रुंद. धातूचं नाणं आत पडताना आवाज होणारच, आणि थैली जड असेल तर जास्तच. गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा, कितीसा झाला असेल? (मार्क 12:41–44) त्याच मिश्नात मंदिरातल्या एका गुप्त दालनाचाही उल्लेख आहे. पापभीरू माणसं तिथे कुणाला न दिसता देऊन जात, आणि चांगल्या घरातली पण ओढगस्तीला आलेली माणसं तिथूनच कुणाला न दिसता घेऊन जात. म्हणजे कर्णा आणि गुप्त दालन, दोन्ही एकाच आवारात होती. कुठे जायचं ते देणाऱ्याने ठरवायचं.

आपल्याकडचा कर्णा म्हणजे वार्षिक अहवाल. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि समोर वर्षाची वर्गणी, अशी यादी अजूनही कितीतरी मंडळ्या छापतात. अहवाल हातात पडला की आधी आपलं नाव, मग शेजाऱ्याचं, मग ज्यांच्याशी पटत नाही त्यांचं. मार्चमध्ये काही पाकिटं अचानक जाड होतात ती त्यामुळेच. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. प्रत्येक कुटुंबाला पाकीट क्रमांक द्यायचा, क्रमांकांची वही खजिनदार आणि आणखी एक अशा दोघांकडेच ठेवायची, आणि अहवालात नावाऐवजी क्रमांकापुढे रक्कम छापायची. आपला आकडा बरोबर लागला की नाही हे ज्याचं त्याला तपासता येतं, शेजाऱ्याचा मात्र कळत नाही. यात चूक होते ती क्रमांक देताना. आडनावांच्या अकारविल्हे किंवा सभासद यादीच्या क्रमाने दिले तर दोन महिन्यांत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. चिठ्ठ्या टाकून क्रमांक द्या, आणि दर एप्रिलला नव्याने द्या.

क्यूआर कोडमुळे अर्पणाच्या थैलीत हात घालण्याचं दृश्य कमी झालं, ते चांगलंच. यूपीआयने दिलं की नाव बँकेच्या उताऱ्यात येतं, पण तो उतारा खजिनदारच पाहतो. साउंडबॉक्स मात्र उपासनेच्या जागी अजिबात नको. दुकानात ठीक आहे. मंदिरातल्या पेट्या निदान रक्कम मोठ्याने वाचून दाखवत नव्हत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण तिचा गैरफायदा घेतला जातो. गुप्त दान म्हणजे बेहिशेबी दान नव्हे. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि कारणही लिहून ठेवलं: केवळ प्रभूच्या दृष्टीने नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करायचं आहे (2 करिंथ 8:19–21). तेव्हा थैली उघडताना दोघं हवेत, शक्यतो एकाच घरातले नकोत. नोटा-नाणी मोजून तक्ता भरायचा, दोघांनी सही करायची, आणि रक्कम सोमवारी बँकेत. त्यातून परस्पर चहाचे किंवा रिक्षाचे पैसे काढायचे नाहीत, खर्च वेगळ्या व्हाउचरवर. बहुतेक मंडळ्या सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, त्यांना लेखापरीक्षण चुकत नाही आणि चुकवूही नये. झाकायचं ते देणाऱ्याचं नाव. पैशाची वाट उघडीच हवी.

घेणाऱ्याचं नाव तर त्याहून झाकायचं. जूनमध्ये फी भरायची असेल तर थेट शाळेच्या खात्यात भरा आणि पावती पालकांना द्या. उपासनेनंतर पुढे बोलावून पाकीट देऊ नका. मदत निधीचा निर्णय दोन-तीन जणांनी घ्यावा आणि कमिटीच्या इतिवृत्तात 'एका कुटुंबास शैक्षणिक मदत' एवढंच लिहावं. नाताळच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात जे फळवाटप होतं त्याचे फोटो आठवून पाहा. खाटेवरचा माणूस, त्याच्या हातात केळी, आणि केळ्यांवर आपले चार हात. त्याने नाही म्हणायचं कसं? डझनाच्या दराने आपण त्याचा चेहरा विकत घेतला. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब मिळायलाच हवा, पण त्याला किती डझन, किती रुपये, बिलाचा फोटो एवढं पुरतं.

लगेच कुणीतरी मत्तयाच्याच पाचव्या अध्यायातलं सोळावं वचन पुढे करतं: तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावी. एकाच डोंगरावरचं, एकाच प्रवचनातलं, मग दिसू द्यायचं की लपवायचं? वचन शेवटपर्यंत वाचलं की गाठ सुटते. लोकांनी पाहून 'तुमच्या स्वर्गातील पित्याचं' गौरव करावं असं तिथे आहे. पाहून झाल्यावर लोक कुणाचं नाव घेतात, ही कसोटी. व्यवहारात मी आणखी एक गोष्ट बघायला सांगेन, ती म्हणजे इथे ख्रिस्ती दिसण्याची किंमत मोजावी लागते की मोबदला मिळतो. हिंजवडीच्या ऑफिसात खोटं बिल लावायला नकार देताना किंमत मोजावी लागते. तिथे दिसा. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे साडेचारला 'प्रार्थनेला बसलो आहे' असं टाकण्याचा मोबदला मिळतो, तिसेक हात जोडलेल्या इमोजींचा. तिथे दिसू नका. पहाटे साडेचारला फोन हातात का होता, हा प्रश्न वेगळाच.

हंगामाच्या सणाच्या लिलावाबद्दल लिहायला हात जरा अडखळतो, कारण तो मला आवडतो. भोपळा, नारळ, ज्वारीची कणसं, एखादा कोंबडा, घरून केलेला केक, सगळं टेबलावर. बोली लावणारा खुमासदार हवा. नारळ हजाराच्या वर गेला की टाळ्या. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक तर बोली शेजाऱ्याच्या बोलीवर चढते, आपल्या खिशावर नाही. दोन घरांत आधीच धुसफूस असेल तर नारळाच्या निमित्ताने ती पुरी मंडळीसमोर येते. दुसरं म्हणजे बोललेले पैसे येत नाहीत. खजिनदार नाताळपर्यंत आठवण करत राहतो, आणि टाळ्या तर वसूल होऊन गेलेल्या असतात. लिलाव बंद करा असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या वस्तूंना बंद चिठ्ठीची बोली ठेवा, भाजीपाल्याला ठरावीक भावाचं टेबल लावा, आणि उघडी बोली लहान मुलांनी आणलेल्या वस्तूंपुरती ठेवून तिथे वरची मर्यादा घाला. पैसे त्याच दिवशी, वस्तू पैशानंतर.

हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट याच लिलावाच्या अंगाने वाचावी. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो, आणि पुढच्याच ओळीला हे जोडपं येतं, काही पैसे मागे ठेवून सगळे दिल्याचं भासवत (कृत्ये 4:36–5:11). पेत्र त्यांना सांगतो की शेत तुमचंच होतं, विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते. कमी देणं हा गुन्हा नव्हताच. त्यांना बर्णबाचं नाव हवं होतं, थोड्या कमी किमतीत.

प्रार्थनेचं मोजमाप पैशाइतकं सोपं नाही, तरी खुणा आहेत. घरोघरच्या प्रार्थनासभेत "हे प्रभो, तुला ठाऊकच आहे" अशी सुरुवात झाली आणि पुढे गेल्या मंगळवारी काय घडलं याची तारीखवार माहिती आली, तर ती प्रभूसाठी नाही. त्याला ठाऊकच आहे. प्रार्थनेतून एखाद्याला टोमणा बसत असेल तर तो उपदेश झाला, आणि ज्याला मारला त्याला डोळे मिटून उत्तर देता येत नाही म्हणून जरा भ्याडपणाचाही. येशूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. सभा चालवणाऱ्याने आधीच सांगावं: प्रत्येकाने एकच विषय, दोन-तीन वाक्यं. ज्यांना बोलायला जमत नाही त्यांनी नुसतं 'आमेन' म्हणावं, त्यांच्या गप्प राहण्याची नोंद कुणी घेऊ नये. एकट्यात किती वेळ आणि लोकांत किती वेळ, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. लोकांतला काटा पुढे गेला असेल तर महिनाभर सभेत तोंड मिटून बसण्याचा उपास करून पाहावा.

'आपल्या खोलीत जा व दार लाव' यातली खोली म्हणजे 'तामेइओन', सामानाची, धान्याची खोली. सजवलेली देवखोली नव्हे. जिथे पाहुणा येत नाही अशी कोठीची जागा. ताडीवाला रोडच्या किंवा जनता वसाहतीच्या दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं राहतात, तिथे दार कुठलं लावायचं? तळजाईच्या टेकडीवर चालताना, स्वारगेटच्या बसमध्ये खिडकीशी, गच्चीवर टाकीच्या आडोशाला, ओठ न हलवता. कुणी आपल्याला प्रार्थना करणारा म्हणून पाहू नये, इतकं साधलं की ती खोली झाली.

उपासाचं थोडक्यात. कॅथलिक मंडळींत राखेच्या बुधवारी हाच मत्तयाचा सहावा अध्याय वाचला जातो, 'तोंड धू, डोक्याला तेल लाव', आणि त्याच मिस्सेत कपाळावर राख लागते. हा विरोध ज्यांना खटकतो त्यांना निदान वचन ऐकू आलं म्हणायचं. राख मातीची आठवण म्हणून आहे. तिचा सेल्फी काढू नये एवढं पाळलं तरी वचन मोडत नाही. घरात उपास लपवायचा म्हणून स्वयंपाक करणाऱ्यालाही सांगायचं नाही, हा मात्र शुद्ध अन्याय आहे. तिने पोळ्या केल्या, त्या उरल्या, दुसऱ्या दिवशी तिनेच खाल्ल्या. उपास नक्की कुणाला घडला? आदल्या रात्री तिला एका वाक्यात सांगा. ऑफिसात कुणी डबा पुढे केला तर "आज नको" पुरे, पोट बिघडल्याची थाप नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. साखर अचानक उतरली की सगळी मंडळी धावत येते आणि गुप्तपणा राहतो बाजूला. अशांनी जेवणाऐवजी फोन बंद ठेवावा. तो उपास कुणाला दिसत नाही आणि चांगलाच जड जातो.

सेवेतली गोष्ट पौलाने एका शब्दात पकडली आहे. कलस्सैकरांस लिहिताना तो दासांना म्हणतो, तोंडदेखल्या चाकरीने नव्हे, जे करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (3:22–23). ग्रीकमध्ये शब्दशः 'डोळ्यांची गुलामी': धन्याची नजर आहे तोवर हात चालतो. मंडळीत याची परीक्षा गाण्याच्या वेळी होत नाही, प्रभुभोजनानंतर होते. दीडदोनशे छोटे पेले धुवायचे असतात. रस सुकला की तळाला चिकटतो, म्हणून लगेच कोमट पाण्यात टाकायचे, एकेक बोटाने फिरवून धुवायचे, उपडे ठेवून पूर्ण वाळल्यावरच पेटीत भरायचे. ओले भरले की वास धरतात. हे काम वर्षानुवर्षं त्याच दोन बाया करतात आणि त्यांचं नाव कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेवर नसतं. याद्या करताना एक नियम घाला: ज्या महिन्यात माइक, त्याच्या पुढच्या महिन्यात पेले किंवा खुर्च्या. गाणाऱ्यांना, बोलणाऱ्यांना, कमिटीवाल्यांना, सगळ्यांना लागू. नाताळच्या एकल गाण्यावरून होणारी भांडणं याने थांबत नाहीत, पण भांडणारे निदान शेजारी उभे राहून पेले विसळतात.

कौतुक समोर आलंच तर काय करायचं? उपदेशानंतर दारात उभ्या पाळकसाहेबांना कुणी "आज फार छान" म्हटलं, की आपली जुनी सवय म्हणजे "छे छे, माझं कसलं". मग समोरच्याला पुन्हा सांगावं लागतं, दुप्पट जोराने. नम्रतेने दुसरी वाढप मागून घेतली म्हणायची. एकदा "धन्यवाद" म्हणावं आणि विचारावं, कुठली गोष्ट मनाला लागली? उत्तर आलं तर उपदेश पोचला, नाही आलं तर तेही कळलं. साक्ष देताना तीन मिनिटांचं घड्याळ लावावं, आणि आधी कागदावर लिहून त्यातले 'मी' मोजावेत. जुन्या पापांचं वर्णन दरवर्षी अधिक रंगतदार होत असेल तर तिथेही पावती फाडली जात आहे.

याचा अर्थ दुसऱ्याचं कौतुक करू नये असा काढू नका. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय जवळजवळ पूर्ण नावांनी आणि कौतुकाने भरला आहे, फिबीपासून पुढे. बर्णबा या नावाचाच अर्थ बोधपुत्र, धीर देणारा. पुण्यात "बरं झालं" ही सर्वोच्च पदवी आहे आणि तीही वर्षातून एकदा मिळते. या काटकसरीला कुणी अध्यात्म समजू नये. कौतुक मागू नये, पण देताना हात सैल असावा. संडे स्कूलमध्ये वचन पाठ केलेल्या मुलाला शाबासकी द्याच. फक्त बक्षीस पहिल्या तिघांना देण्यापेक्षा पाठ करून आलेल्या प्रत्येकाला द्या, नाहीतर त्याला वचनाआधी क्रमांक पाठ होतो.

वाहवा आणि बोल लागण्याची भीती यांना आपण दोन वेगळे आजार समजतो. इस्राएलचा राजा शौल याच्या गोष्टीत ते एकाच अध्यायात एकाच माणसाला झालेले दिसतात. 1 शमुवेल 15 मध्ये बाराव्या वचनात तो स्वतःचं स्मारक उभारतो. चोविसाव्यात कबूल करतो की मी लोकांना भ्यालो. तिसाव्यात, राज्य गेल्याचं ऐकल्यावरही त्याची विनंती एवढीच: वडील जनांसमोर माझा मान राखा. पेत्रासारखा माणूस अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे आणि याकोबाकडून काही जण आल्यावर ताटावरून उठला (गलती 2:11–14). कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी जाऊन आल्यानंतरची ही गोष्ट. त्याचं मत बदललं नव्हतं. बघणारे बदलले होते.

ताटाची आणि कपाची ही भीती पुण्याला नवी नाही. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानाला शहरातली नामवंत मंडळी गेली, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. रानड्यांसारख्या माणसाने शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्यांची चेष्टा करण्याचं कारण नाही, घरातल्यांचं आणि स्नेह्यांचं दडपण काय असतं ते ख्रिस्ती घरांनाही पुरेपूर ठाऊक आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झालेला. 1893 मध्ये सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. हिंदू समाजाने झिडकारलं हे सगळे सांगतात. पण ज्या इंग्लिश धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांनीही, रमाबाई चर्चचं मत आहे तसं मुकाट स्वीकारत नाहीत म्हणून पत्रांतून कानउघाडणी केली होती. दोन्ही बाजूंनी शाबासकी बंद. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यानंतर. तिथे त्यांनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला घेतलं. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा पूर्ण बायबल छापून बाहेर यायचं होतं.

आता या विषयाचा सर्वांत मोठा गैरवापर. "मला फक्त देवाला उत्तर द्यायचं आहे" हे वाक्य हिशेब विचारल्यावर ऐकू आलं तर सावध व्हा. पौल म्हणतो खरा की माणसांनी माझा न्याय करावा याचं मला फारसं काही वाटत नाही. पण पुढच्याच वचनात म्हणतो की माझं मन मला दोष देत नाही, तरी तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही (1 करिंथ 4:3–4). आणि आपण सांगतो ती सुवार्ता त्याने यरुशलेमच्या पुढाऱ्यांपुढे मांडून तपासून घेतली होती (गलती 2:2). मत्तय 18:15–17 मधल्या पायऱ्या सगळ्यांना लागू आहेत, पुलपिटवरच्यालाही: आधी एकट्याने एकट्याला, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. वाहवेची गरज नसलेला माणूस चूक दाखवली की शांतपणे ऐकतो. ज्याला वाहवाही हवी आणि तपासणीही नको, त्याने देवाचं नाव छत्रीसारखं उघडलेलं असतं.

आणि ज्यांना हे सगळं वाचून आता देवाकडून गुण मिळवायची नवी धास्ती वाटू लागली असेल त्यांनी मार्क 1:11 उघडावं. यार्देन नदीत येशू नुकता पाण्यातून वर आला आहे. अजून एकही आजारी बरा केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही, शिष्य नाहीत, रान आणि मोह पुढेच आहेत. आणि आकाशातून आवाज येतो की तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. शाबासकी कामाच्या आधी आली. ख्रिस्तात जे आहेत ते याच वाक्यात उभे राहतात, असं पौल पानोपानी सांगतो. नाहीतर आपण फक्त साहेब बदलला, अप्रेझल तेच. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये यातला डावा हातही आपलाच आहे. गुपचूप दिलेल्याची मनातल्या मनात वही ठेवणारा. मत्तय 25 मध्ये राजाच्या उजवीकडचे लोक विचारतात, आम्ही तुला कधी खाऊ घातलं? त्यांच्याकडे वहीच नव्हती.

राहता राहिले पंखे. जुन्या ख्रिस्ती देवळात छताकडे पाहिलं की प्रत्येक पात्यावर तेलरंगात नाव दिसतं, कुणाच्या तरी स्मरणार्थ, अमक्यांकडून सप्रेम भेट. पंखा चालू असला की वाचता येत नाही, हिवाळ्यात येतं. बाकांच्या पाठींवर पितळी पट्ट्या, दारात कोनशिला. हे सगळं खरवडून काढा असं उत्साही तरुण संघ कधीकधी ठरवतो. तसं करू नका. पुढचा पंखा घेताना नाव घालायचं नाही एवढा ठराव कमिटीत करा, देणगीदाराला ते पैसे घेण्याआधी सांगा, आणि तो रागावून गेला तर जाऊ द्या. जुनी नावं राहू द्यावीत. ज्या घराचं नाव त्या पात्यावर आहे, त्या घरातली म्हातारी अजून त्याच पंख्याखाली येऊन बसते.